देवीशी दोन हात करणारी लेडी मेरी

माझ्या आईच्या दंडावर जुन्या आठ आण्याएवढे दोन गोल वण आहेत. परवा तिचा खांदा धरला होता म्हणून तेल चोळून देत होते. लेक शेजारीच बसली होती. तिने विचारलं, आजीला दोन वण जास्त कसे? तिच्या आणि माझ्या दंडावर एकेकच आहे, बीसीजीचा. आई म्हणाली, ते देवीचे. लेकीला वाटलं, आजीने लहानपणी कुठल्या देवळात नवस-बिवस केला असणार!

तिचंही बरोबरच आहे म्हणा. देवी नावाचा रोग होता हे तिला कळणार कुठून? १९७५ सालच्या मे महिन्यानंतर आपल्या देशात देवीचा नवा रोगी सापडलेला नाही, आणि १९८० साली तर सगळ्या जगातूनच देवी गेल्याचं जाहीर झालं. पण माझ्या आजीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. तोंड वणांनी भरलेलं, म्हणून ती कधी फोटोला बसलीच नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा पदर ओढून मागे उभी राहिलेली एक सावली तेवढी दिसते.

देवीचा विषय निघाला की मला तीनशे वर्षांपूर्वीची एक इंग्रज बाई आठवते. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, तेव्हा अलेक्झांडर पोप या कवीच्या धड्याखाली एका टीपेत तिची माझी पहिली भेट झाली. पोपशी भांडलेली एक फटकळ उमरावीण, एवढीच ओळख. ती खरी कोण होती ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही एका गल्लीत माझी फजिती झाल्यावर. ती फजिती आधी सांगते.

२०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात गोवर-रुबेलाच्या लसीची मोठी मोहीम निघाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना ती द्यायची होती. आमच्या महिला मंडळाच्या आम्ही चौघी-पाचजणी आशाताईंबरोबर घरोघर याद्या करायला जात होतो. एका घरी एक तरुण आई दारातच उभी राहिली. तीन मुलं पदरात. तिच्या भावजयीच्या मुलाला पूर्वी कधीतरी इंजेक्शननंतर फणफणून ताप आला होता. तिने आवाज न चढवता मला विचारलं की ताई, न टोचता किती पोरं जातात आणि टोचून किती जातात, तेवढं सांगा, मग मी ठरवते. माझ्याजवळ उत्तरच नव्हतं. सरकार देतंय म्हणजे चांगलंच असणार, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने चहा घ्यायचा आग्रह केला, पण धाकट्याचं नाव काही यादीत लिहू दिलं नाही.

घरी आल्यावर मला तिचा राग आला होता. मग माझाच आला. तिचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि तोच प्रश्न लंडनमध्ये १७२१-२२ साली या लेडी मेरीमुळे उभा राहिला होता.

मेरी जन्मली १६८९ मध्ये, एका बड्या उमरावाच्या घरात. तीन-चार वर्षांची असतानाच आई गेली. घरात नोकरचाकर, बग्ग्या, सगळं होतं, पण मुलींना शिकवायची रीत नव्हती. वडिलांचं ग्रंथालय मात्र मोठं होतं. तिथे दिवस दिवस बसून ही पोरगी शब्दकोशाच्या आधाराने आपली आपण लॅटिन शिकली. पुढे वडिलांनी एक श्रीमंत स्थळ पाहिलं, कपडेसुद्धा शिवायला टाकले, आणि ही १७१२ साली एडवर्ड वर्टली माँटेग्यू नावाच्या गृहस्थाबरोबर पळून गेली. याला प्रेमविवाह म्हणावा तर लग्नाआधीची दोघांची पत्रं निम्मी भांडणाचीच आहेत. नवरा हिशेबी, कोरडा. संसार काही फार गोडीचा झाला नाही.

१७१३ च्या मे महिन्यात तिला मुलगा झाला. बाळ जेमतेम दीड-दोन महिन्यांचं असताना तिचा एकुलता एक भाऊ विल्यम देवीने गेला. वीस वर्षांचा होता. आणि १७१५ च्या डिसेंबरात देवीने तिलाच गाठलं.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. दरबारात तिच्या रूपाची आणि बोलण्याची चर्चा असायची. ती वाचली, पण चेहऱ्यावर वण राहिले आणि पापण्यांचे केस गेले ते कायमचे. तिची पुष्कळ चित्रं आज पाहायला मिळतात. चित्रकारांनी तिचा चेहरा लोण्यासारखा नितळ काढलाय! माझ्या आजीला असा चित्रकार भेटला असता तर आमच्याही भिंतीवर तिची तसबीर असती.

त्या काळात देवीला औषध नव्हतं. (आज रोगच गेला म्हणून आपण सुटलो.) आधी ताप, पाठदुखी, मग अंगभर पुवाचे फोड. वाचलेल्यांपैकी काही आंधळे व्हायचे. गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. १६९४ साली इंग्लंडची राणी दुसरी मेरी देवीनेच गेली होती.

१७१६ मध्ये तिच्या नवऱ्याची तुर्कस्तानच्या सुलतानाकडे वकील म्हणून नेमणूक झाली. तीन वर्षांचं मूल बरोबर घेऊन ही बाई व्हिएन्नामार्गे, बर्फातून, लढाया झालेल्या मुलखातून एड्रियानोपलला पोहोचली. म्हणजे आजचं एदिर्ने. तिथे ती तुर्की शिकली, तिथल्या बायकांचा पोशाख घालून बाजारात हिंडली, त्यांच्या हमामखान्यात गेली, त्यांच्याशी बोलली. पुरुष प्रवाशांना जिथे पाऊल टाकता येत नव्हतं तिथलं सगळं तिने पत्रांतून लिहून ठेवलं. त्यातलं १ एप्रिल १७१७ चं एक पत्र आहे, सारा चिझवेल नावाच्या तिच्या मैत्रिणीला लिहिलेलं. टोचण्याची गोष्ट त्या पत्रात येते.

तिथे म्हणे काही म्हाताऱ्या बायकांचा हाच उद्योग होता. उन्हाळ्याची तलखी संपली, सप्टेंबर लागला की घराघरांतून निरोप फिरायचे: कुणाला देवी टोचून घ्यायच्यात का? मग पंधरा-सोळा मुलं एका घरी जमायची. म्हातारी अक्रोडाच्या कवचीत देवीच्या सौम्य रोग्याच्या फोडातला पू घेऊन यायची. सुईने चार-पाच ठिकाणी कातडी उकरायची, सुईच्या टोकावर मावेल एवढा पू आत सोडायची आणि वर पोकळ कवची बांधायची. मुलं आठवडाभर खेळत राहायची. मग ताप यायचा, दोन-तीन दिवस अंथरुणात, चेहऱ्यावर वीस-तीस फोड. ते सुकले की खूणसुद्धा राहायची नाही. आणि जन्मभर पुन्हा देवी नाही.

ही आजची लस नव्हे, हे नीट लक्षात ठेवायला हवं. हा खऱ्या देवीचाच पू. श्वासावाटे लागण झाली की रोग अंगभर थैमान घालतो, कातडीतून थोडासा गेला की बहुतेकांना हलका येतो, एवढंच त्यातलं गणित. पण क्वचित कुणी त्यातही दगावायचं. आपल्याकडे बंगालातसुद्धा असे टोचणारे लोक होते. हिंदीत लसीला टीका म्हणतात त्या शब्दाचं नातं या जुन्या रीतीशी आहे. म्हणजे युरोपातले डॉक्टर रोग्याचं रक्त काढत बसले होते तेव्हा इकडच्या साध्यासुध्या माणसांना ही युक्ती माहीत होती.

मेरीने पत्रात लिहिलंय की ती ही रीत आपल्या देशात नेणार, आणि हेही लिहिलंय की डॉक्टर मंडळी विरोध करतील, कारण त्यांच्या मिळकतीवर घाला पडेल. फटकळ होतीच ती.

१७१८ च्या जानेवारीत कॉन्स्टँटिनोपलला तिला मुलगी झाली. मार्चमध्ये, नवरा कामासाठी बाहेर गेलेला असताना, तिने पाच वर्षांच्या मुलाला टोचून घेतलं. नवऱ्याला नंतर पत्राने कळवलं! एका ग्रीक म्हातारीला बोलावलं होतं. तिचा हात थरथरत होता, सुई गंजकी होती, मूल कळवळलं. तेव्हा वकिलातीचा सर्जन चार्ल्स मेटलंड याने दुसऱ्या दंडावर आपल्या पात्याने काम पुरं केलं. मुलगा बरा झाला. तान्ह्या मुलीला मात्र तिने तेव्हा टोचलं नाही, कारण मुलीच्या दाईला देवी येऊन गेलेल्या नव्हत्या. टोचलेल्या मुलाकडूनही दुसऱ्याला खरी देवी लागू शकते हे तिने तेव्हाच ओळखलं होतं.

एका आईने आपलं धडधाकट मूल मुद्दाम आजारी पाडायचं, हे सोपं नाही. आजारी मुलाला औषध पाजताना हात थरथरत नाही. खेळत्या मुलाला टोचताना थरथरतो. मला वाटतं, त्या गल्लीतल्या बाईचं दुखणं नेमकं हेच होतं आणि मी ते ओळखलं नाही.

कुटुंब १७१८ च्या शरदात इंग्लंडला परतलं. १७२१ मध्ये लंडनमध्ये देवीची मोठी साथ आली. ओळखीपाळखीच्या घरांतून मरणाच्या बातम्या यायला लागल्या. मेरीने मेटलंडला बोलावून सांगितलं, तीन वर्षांच्या मुलीला टोचा. परदेशात गुपचूप टोचणारा हा सर्जन लंडनमध्ये मात्र घाबरला. उद्या काही झालं तर? त्याने साक्षीदार मागितले. शेवटी एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या देखत मुलीला टोचलं. मुलगी बागडत राहिली, आठ-दहा दिवसांनी थोडे फोड आले, गेले. त्या साक्षीदारांत जेम्स कीथ नावाचे एक डॉक्टर होते. त्यांची मुलं देवीने गेली होती, एक मुलगा उरला होता. त्यांनी घरी जाऊन त्या मुलाला टोचून घेतलं.

युवराज्ञी कॅरोलाइनच्या कानावर हे गेलं. तिलाही मुलं होती. पण राजघराण्यातल्या मुलांना टोचण्याआधी खात्री हवी. ती कशी केली? ऑगस्ट १७२१ मध्ये न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांना, तीन पुरुष आणि तीन बायका, सांगितलं की टोचून घ्या आणि जगलात तर सुटका. सहाही जगले आणि सुटले. मग अनाथ मुलांवर प्रयोग झाला. आणि त्यानंतर, एप्रिल १७२२ मध्ये, दोन राजकन्यांना टोचलं. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. आज असं कुणी केलं तर आपण त्याला कोर्टात खेचू. मेरीच्या गोष्टीतला हा भाग गाळून तिला देवी करायला मी तयार नाही.

पण लोकांची खात्री काही पटली नाही. त्याच वर्षी टोचलेल्यांपैकी एका लॉर्डाचा लहान मुलगा आणि दुसऱ्या लॉर्डाचा एक नोकर दगावला. त्याआधी मेटलंडने हर्टफर्ड गावी एका लहान मुलीला टोचलं होतं, तर घरातल्या नोकरमाणसांना तिच्यापासून लागण झाली. मग काय, गिल्ला झाला. एका पाद्र्याने चर्चमधून सांगितलं की रोग हा देवाचा दंड, त्यात ढवळाढवळ नको. काही डॉक्टरांनी लिहिलं की अडाणी परदेशी बायकांची रीत सभ्य इंग्रजांनी कशाला उचलायची. लोक मेरीच्या घरी येत, घाबरत घाबरत विचारत, आणि ती त्यांच्या मुलांपाशी जाऊन बसे. बरोबर आपल्या लेकीला नेत असे. त्या घरातल्या दाया आणि मावश्या कशा डोळे वटारून बघत, ते त्या लेकीच्या कायम लक्षात राहिलं आणि पुढे मेरीच्या नातीने लिहून ठेवलं. १७२२ मध्ये मेरीने स्वतःचं नाव न घालता, तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या नावावर, वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात डॉक्टरांवर तोंडसुख घेतलंय: म्हातारी सुईने ओरखडते तिथे तुम्ही खोल चिरा पाडता, वर जुलाब देता, रक्त काढता, आणि रोगी दगावला की टोचण्याला बोल लावता.

दोन्ही बाजू अशा तावातावाने भांडत होत्या. हा म्हणे माझा वाचला, तो म्हणे त्याचा मेला. असं भांडण कधी संपतं का? आपल्याकडेही हळदीकुंकवाला एकीने सांगावं की अमकीच्या मुलाला लसीने ताप आला आणि दुसरीने सांगावं की तमकीच्याला काही झालं नाही. उठताना जी ती आपापलं मत घेऊनच उठते.

पण एकाने मोजायला घेतलं. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावी थॉमस नेटलटन नावाचा डॉक्टर होता. तो स्वतः टोचत होता आणि लोकांचे तेच प्रश्न ऐकत होता. त्याने साथीच्या दिवसांत गावात चौकशी करून माहिती गोळा केली: किती जणांना देवी आल्या आणि त्यांतले किती गेले. हॅलिफॅक्समध्ये २७६ जणांना आल्या, ४३ गेले. रॉचडेलमध्ये १७७ पैकी ३८. लीड्समध्ये ७९२ पैकी १८९. तिन्ही मिळून १२४५ रोगी आणि २७० मरण. म्हणजे दर पाचांत एकाहून जास्त. देवी वाईट हे सगळ्यांना माहीतच होतं. किती वाईट, ते मात्र कुणी कागदावर मांडलं नव्हतं.

नेटलटनने हे आकडे लंडनला पाठवले आणि तिथे जेम्स ज्युरिन या माणसाने ते उचलले. हा रॉयल सोसायटीचा चिटणीस, गणिती आणि डॉक्टरही. त्याने जाहीर आवाहन केलं की ज्यांनी कुणी टोचलं असेल त्यांनी कळवावं: वय किती, कसं टोचलं, कितव्या दिवशी ताप आला, फोड आले की नाही, आणि जगला की मेला. वाईट बातमीही कळवा, असा त्याचा आग्रह होता. टोचल्यानंतर झालेलं मरण वादाचं असलं तरी तो हकिगतीसकट छापायचा, वाचणाऱ्याने काय ते ठरवावं म्हणून. आणि तुलनेसाठी त्याने लंडन शहराचे जुने मृत्यूचे तक्ते काढले. बेचाळीस वर्षांचे तक्ते पाहून त्याने हिशेब केला की लंडनमधल्या दर चौदा मृत्यूंपैकी एक देवीचा असतो.

इथे एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे तक्ते तयार कसे व्हायचे? कुणी मेलं की त्या त्या चर्चच्या हद्दीतल्या गरीब म्हाताऱ्या बायका त्या घरी जायच्या, मढं पाहायच्या आणि कशाने मेलं ते चर्चच्या कारकुनाला सांगायच्या. त्यासाठी त्यांना काही पेन्स मिळायचे. लोक त्यांना हसत, त्यांच्या सांगण्यात चुकाही असत. पण ज्युरिनच्या हिशेबाचा पाया या बायकांनी घातला होता. तिकडे तुर्कस्तानात टोचणाऱ्याही म्हाताऱ्या बायकाच. कुणाचंही नाव कुठे नाही. आमच्या आशाताई पावसात छत्री नि वही सांभाळत घरं मोजतात तेव्हा मला या दोघी आठवतात.

१७२९ पर्यंत ब्रिटनमधल्या टोचण्याची बेरीज झाली ती अशी: ८९७ जणांना टोचलं, त्यांतले १७ दगावले. म्हणजे साधारण पन्नासात एक. आणि आपोआप देवी आलेल्यांत पाच-सहांत एक. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातूनही १७२१ च्या साथीचे आकडे आले होते. तिथे सहा हजारांच्या आसपास लोकांना देवी आल्या आणि ८४४ गेले; टोचलेल्या अडीचशेच्या आतल्या लोकांत सहा गेले. समुद्रापलीकडचं शहर, वेगळा टोचणारा, पण ताळा जवळजवळ तोच.

आपल्या भाषेत मांडते. शंभर मुलांना देवी आल्या तर सोळा-सतरा जायची. शंभरांना टोचलं तर दोन. पण ती दोन शून्य नव्हेत. ती दोन मुलं कुणाची तरी होती, आणि त्यांच्या आईने स्वतः त्यांना टोचायला बसवलं होतं. ज्युरिनने ते दोन लपवले नाहीत, म्हणून त्याच्या सोळांवर लोकांचा विश्वास बसला. त्याच्या हिशेबात एक उणीव होती. टोचलेल्या मुलाकडून शेजाऱ्याला लागण झाली तर तो मृत्यू या रकान्यात वेगळा दिसत नाही. हर्टफर्डच्या नोकरांची नोंद कुठे करायची? तरीसुद्धा भांडणाची पातळी बदलली. आता विरोधकालाही आकडा घेऊन यावं लागायचं.

पुढे १७६० मध्ये डॅनिएल बर्नूली या स्विस गणितज्ञाने आणखी पुढचा प्रश्न विचारला, की देवी नसत्याच तर माणूस सरासरी किती जास्त जगला असता? उत्तर आलं, सुमारे तीन वर्षं. एका रोगाचं ओझं असं आयुष्याच्या वर्षांत तोलायला तिथून सुरुवात झाली.

मेरीच्या वाट्याला याचं श्रेय फारसं आलं नाही. पोपने तिच्यावर कवितांतून राळ उडवली. मुलगा वाया गेला. तेरा वर्षांचा असताना तो शाळेतून पळाला तेव्हा त्याला शोधण्यासाठी वर्तमानपत्रात वर्णन दिलं होतं, त्यात हातांवरच्या दोन गोल वणांची खूण सांगितली होती. ते त्या ग्रीक म्हातारीचे आणि मेटलंडचे वण! आणि जिला १७१७ मध्ये ते पत्र लिहिलं होतं ती सारा चिझवेल? ती १७२६ साली देवीनेच गेली. सगळ्या इंग्लंडला सांगत सुटलेल्या मेरीला आपल्या मैत्रिणीला वाचवता आलं नाही.

१७३९ मध्ये ती घर सोडून युरोपात गेली आणि वीसहून अधिक वर्षं बहुतेक इटलीत राहिली, बाग आणि पुस्तकं सांभाळत, लेकीला पत्रं लिहीत. नवरा वारल्यावर १७६२ च्या सुरुवातीला लंडनला परतली. त्याच वर्षी तिचा जावई पंतप्रधान झाला आणि ऑगस्टमध्ये स्तनाच्या कॅन्सरने ती गेली. तुर्कस्तानची पत्रं १७६३ मध्ये छापली गेली. रोजनिशी मात्र लेकीनेच जाळून टाकली, तीच लेक जिच्या दंडावर इंग्लंडातली पहिली टोचणी झाली होती. घराण्याची अब्रू जपायची म्हणून. काय लिहिलं असेल त्यात, हे आता कुणालाच कळणार नाही.

१७९६ साली एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीची लस शोधली. लहानपणी त्यालाही जुन्या पद्धतीने टोचलेलं होतं. ही लस कितीतरी सुरक्षित, शिवाय टोचलेल्याकडून दुसऱ्याला देवी लागायची भीती नाही. १८०२ च्या जूनमध्ये ती मुंबईत पोहोचली आणि तिथे एका तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली, हिंदुस्थानात सगळ्यांत पहिली. तरी देवी जायला आणखी पावणेदोनशे वर्षं लागली. शेवटच्या मोहिमेतही मोजण्याचाच मुद्दा होता. १९७३ च्या ऑक्टोबरात कार्यकर्ते देवी आलेल्या बाळाचं चित्र हातात घेऊन उत्तर प्रदेश-बिहारच्या गावोगाव हिंडले, तेव्हा कागदावर नसलेले दहा हजारांच्या आसपास रोगी सापडले. १९७४ साली देशात १ लाख ८८ हजार रोगी आणि ३१ हजारांवर मृत्यू नोंदले गेले. आकडा वाढला तो नीट शोधल्यामुळेही. पुढे तर रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस होतं. आईला गावातल्या भिंतीवर रंगवलेली ती पाटी आठवते.

हे सगळं वाचून मी गोवराचे आकडे शोधले. लस येण्यापूर्वी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसं गोवराने मरत, बहुतेक लहान मुलं. २०२३ मध्ये तो आकडा सुमारे १ लाख ७ हजार ५०० होता. लसीने ताप येतो, पुरळही येतं, क्वचित तापात झटका येतो. जिवावर बेतणं फार फार विरळ, मेरीच्या काळच्या पन्नासात एकाशी त्याची तुलनाच नाही. आणि लस चुकली की काय होतं ते २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावकडे पाहायला मिळालंच.

मोहीम संपायच्या आत मी त्या गल्लीत पुन्हा गेले होते. हे आकडे तेव्हा माझ्याजवळ इतके नव्हते, पण कागदावर चार ओळी होत्या. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मोठ्या दोघांना शाळेतच लस मिळाली होती. मग तिने विचारलं की टोचल्यावर ताप आला तर तुम्ही ते वहीत लिहिता का? आम्ही लिहीत नव्हतो. नाव, वय, तारीख, सही, संपलं. मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मग लिहा, मी आणते त्याला.

आमच्या मंडळाच्या वहीत तेव्हापासून शेवटी एक रकाना वाढलाय. दोन आठवड्यांनी एखादीने पुन्हा त्या घरी जायचं आणि काय झालं ते विचारून लिहायचं. काही जास्त वाटलं तर नर्सबाईंना लगेच कळवायचं. त्या रकान्यातली पहिली नोंद तिच्या धाकट्याची आहे. आठव्या दिवशी ताप, अंगावर थोडं पुरळ, दीड दिवसात उतरला, दहाव्या दिवशी अंगणात खेळत होता.